चार बाजूंचं दान

मेंढीच्या घोट्यातलं हाड
चार बाजूंनी पडतं:
मेंढी, बकरी, घोडा, उंट.
आमच्याकडे नमद्याच्या तंबूत
मूल चालायच्या आधी हे शिकतं.

खोंगोरझुल, तू तेव्हा नऊ वर्षांची.
दर वेळी घोडाच मागायचीस,
नाही पडला की हाड चुलीमागे भिरकवायचीस.
"हा रडीचा डाव," मामा म्हणायचा.
"घोडा मागून येत नाही. पाळीची वाट बघ."
मग एका हिवाळ्यात तू भांडायचं सोडलंस
आणि मोजायला लागलीस.

गणिताच्या वहीची मागची पानं.
चार रकाने, पाचवी रेघ आडवी,
गोठ्याच्या फाटकासारखी.
बाहेर उणे अडतीस.
मी फेकायचो, तू लिहायचीस.
हजार दानं. माझा अंगठा सोलून निघाला.
मेंढी तीनशे एक्क्याऐंशी,
बकरी तीनशे चौऱ्याण्णव,
घोडा एकशे एकवीस,
उंट एकशे चार.
मला वाटलं तू रडशील. तू हसलीस.
घोडा तुझ्यावर रुसलेला नव्हता.
त्याची बाजूच अरुंद होती.

मामाला हे पटलं नाही.
मोजलं की हाड लाजतं, म्हणाला.
पण नव्या वर्षाच्या रात्री
गुपचूप बकरीवर पैज लावत राहिला
आणि पुरेवबातची तंबाखूची पिशवी जिंकून आला.

पुढच्या साली झुद.
बर्फ, वर पाऊस, वर पुन्हा गोठण.
गवत काचेखाली दिसायचं,
तोंडाला लागायचं नाही.
मार्च संपला तेव्हा
दोनशे बारा मेंढ्यांतल्या एकोणीस उभ्या होत्या.
आम्ही हाडं गोळा केली, पिठाचं पोतं भरून,
सात पिढ्यांना पुरेल एवढा खेळ.
कुणी खेळलं नाही.
तू मूठभर उचललीस आणि आईला विचारलंस,
"असा हिवाळा म्हणजे कुठली बाजू?
उंट? किती दानांत एकदा?"
आईनं तुझ्या थोबाडीत मारली,
मग तुला जवळ घेतलं.

राजधानीतून तुझा फोन यायचा.
सातवा मजला, हीटर, आकड्यांचे तक्ते.
एकदा म्हणालीस,
तुझं शास्त्र जुगाऱ्यांच्या भांडणातून वाढलं:
डाव अर्ध्यात मोडला,
तर मांडलेल्या पैशांचं काय करायचं?
मी म्हटलं, आमच्याकडे डाव बर्फ मोडतं
आणि मांडलेलं काहीच परत मिळत नाही.
तू बराच वेळ बोलली नाहीस.

गेल्या शरदात तू आलीस,
जीपमध्ये विम्याचे कागद, सोबत टाय घातलेला एक पोरगा.
तो हप्ता म्हणाला, जोखीम म्हणाला.
बारा घरची माणसं चहात बघत बसली.
मग तू ते जुनं पोतं मागितलंस.

"प्रत्येकानं वीस हाडं घ्या. हा तुमचा कळप.
दर फेरीला एक हाड मधल्या थाळीत.
मग फेका. उंट पडला त्याचा कळप मेला,
त्यानं थाळीतून भरून घ्यायचं."

संध्याकाळपर्यंत खेळ चालला.
पुरेवबातनं दोनदा लबाडी केली,
दोनदा बायकोनंच पकडला.
चौथ्या फेरीला मामाचा उंट पडला.

मामा. ज्यानं त्या वर्षी
शेवटचं खोगीर विकलं
पण शेजाऱ्याकडं चिमूटभर मीठ मागितलं नाही.
सगळे थाळीकडे बघू लागले, त्याच्याकडे नाही.
त्यानं हात पुढे केला, मागे घेतला,
पुन्हा केला.
"हे मी घेतलेलं दान नाही," तो म्हणाला.
"हे मला पडलेलं दान आहे."
आणि ओंजळ भरून हाडं उचलली.

बाकीच्यांनी कागदांवर सह्या केल्या.
मीही केली. तक्ता मला अजून कळत नाही.
एक हाड मात्र अंगरख्यात ठेवतो.
आज पहाटे कळप सोडताना फेकलं.
बकरी.
बहुतेक वेळा बकरीच.